छम नाचाचे कृष्णधवल फोटो : रंग काढल्यावर हातात काय उरतं?

खडूपाटी (धागाकर्ता)

लडाखमधल्या हेमिस मठाचा छम-उत्सव आटोपला की दरवर्षी फोटोग्राफीच्या ग्रुपांवर एकच साथ येते. मुखवट्याचा जवळून घेतलेला फोटो, मागचं सगळं धूसर, रंग उडवलेले, कोपऱ्यात सही आणि खाली दहा-बारा जणांचं "कालातीत!!" मुखवटा कोणाचा, तो देव शांत की उग्र, नाच कुठल्या टप्प्यावर होता, कशाचाच पत्ता नाही. राखाडी केलं की गंभीर दिसतं, एवढ्या भांडवलावर चाललेला उद्योग. त्यावर जरा सविस्तर बोलावं म्हणून हा धागा. मी स्वतः कृष्णधवलवालाच आहे, तेव्हा विरोधी पक्षातून बोलतोय असं समजू नका.

ज्यांनी छम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वज्रयान, म्हणजे तांत्रिक बौद्ध परंपरेतल्या मठांच्या अंगणात भिक्षू मुखवटे आणि किनखापाचे झगे घालून जो नाच करतात तो छम. लडाख, झांस्कर, स्पिती, सिक्कीम, भूतान, तिबेट, मंगोलिया, सगळीकडे आहे. नाचाआधी आत कित्येक दिवस पूजा चालते आणि नाचणारा त्या देवतेचं ध्यान करून अंगणात उतरतो. पावलं, हातातली आयुधं, वळणं ठरलेली असतात; पाचव्या दलाई लामांनी सतराव्या शतकात छमवर ग्रंथच लिहून ठेवला आहे. हेमिस हा द्रुकपा पंथाचा मठ, तिथला उत्सव तिबेटात बौद्ध तंत्र नेणाऱ्या गुरू पद्मसंभवाच्या जन्माचा, तिबेटी पाचव्या महिन्याच्या दशमीला, म्हणजे आपल्या जून-जुलैत, दोन दिवस. गेलुग पंथाच्या मठांत गुस्तोर नावाचा उत्सव असतो: स्पितुकला जानेवारीत, थिकसेला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. माथो, स्तोक, दिस्कित इथले उत्सव हिवाळ्याच्या शेवटी.

आता मुद्दा. छममधला रंग नटवण्यासाठी लावलेला नसतो, तो मजकूर असतो. पांढरा शांतिकर्माचा, पिवळा पौष्टिक, लाल वशीकरणाचा, गडद निळा-काळा उग्र कर्माचा. हे शब्द आपल्याकडच्या तंत्रग्रंथांतलेच आहेत, त्यामुळे समजायला जड जाऊ नयेत. गावातली म्हातारी माणसं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून, डोळे किलकिले करून, नुसत्या रंगावरून सांगतात की आता कोण आलं.

हेमिसला पद्मसंभवाची आठ रूपं येतात. त्यातली दोन उग्र: सेंगे द्रादोग गडद निळा, दोर्जे द्रोलो गडद तांबडा. दोघांचे डोळे वटारलेले, सुळे बाहेर, कपाळावर तिसरा डोळा. साध्या पद्धतीने कृष्णधवल केलं की दोघेही एकाच राखाडीत जाऊन बसतात. म्हणजे तुम्ही दोन देवांचा एक देव करून टाकलात, आणि तेही नकळत.

फिल्मवाल्यांना हे जुनं दुखणं माहीत आहे. उपाय फिल्टरचा. लाल फिल्टर लावला तर तांबडा द्रोलो उजळतो, निळा सेंगे काळवंडतो. निळ्या बाजूला झुकलात तर बरोब्बर उलटं होतं. डिजिटलमध्ये हेच काम रंगांच्या सरकपट्ट्या करतात. पण कोणता देव उजळ ठेवायचा हा निर्णय सॉफ्टवेअरचा नाही, तुमचा आहे, आणि तो घ्यायचा तर आधी समोर काय चाललंय ते कळायला हवं. माझी सगळी तक्रार या एका वाक्यात मावते.

मग कृष्णधवल काढायचंच कशाला? कारण काही गोष्टी रंगात दिसतच नाहीत. छमचे फोटो रंगात पाहिले की डोळा मुखवट्याच्या लाल-सोनेरीत अडकतो आणि पाय विसरतो. नाच पायांत असतो. एक पाय उचलायचा, गुडघा बाहेर काढायचा, क्षणभर तोल एका पायावर, मग गिरकी. गिरकीत झग्याचा घेर फुलतो आणि मुखवटा मात्र जवळजवळ जागेवर राहतो. १/१५ ते १/३० सेकंदाला हे पकडलं तर कापड वाहतं आणि चेहरा टिकतो. रंगात याच फोटोचा चिखल होतो, कारण सगळे रंग एकमेकांत पुसले जातात. कृष्णधवलमध्ये ती पुसट रेघ रेघच राहते. हाडांचे सापळे झालेले नर्तक, म्हणजे स्मशानाचे रक्षक, तर या माध्यमासाठीच जन्मलेले. पांढरे अंग, लांब बोटं, मागे सावलीतला व्हरांडा. तिथे डोकं चालवावं लागतच नाही.

आणि काळ्या टोप्यांचा नाच. मला तो सगळ्यात प्रिय. यात मुखवटाच नसतो, मोठ्या काठाची काळी टोपी आणि रुंद बाह्यांचा झगा. परंपरा सांगते की इ. स. ८४२ मध्ये ल्हालुंग पाल्गी दोर्जे नावाच्या भिक्षूने बौद्धांचा छळ करणाऱ्या लांगदर्मा राजाला मारलं. बाह्यांत धनुष्यबाण लपवून तो राजासमोर नाचला, बाण सोडला आणि पळाला. पांढऱ्या घोड्याला कोळसा फासून काळा केला होता; नदीतून जाताना कोळसा धुतला गेला. अंगावरचा झगा बाहेरून काळा, आतून पांढरा. तो उलटा करून घातला. काळ्या घोड्यावरच्या काळ्या माणसाला शोधणारे शोधतच राहिले. इतिहासकार या गोष्टीवर शंका घेतात, घेऊ देत. काळ्याचं पांढरं होण्याची याहून चांगली कथा मला माहीत नाही. हा नाच रंगीत काढताना मलाच अवघडल्यासारखं होतं.

प्रकाशाबद्दल. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, हेमिस त्याहून थोडं वर. हवा विरळ, धूळ-बाष्प कमी, त्यामुळे आकाश मुळातच गडद. त्यावर लाल फिल्टर चढवला की आकाश डांबरासारखं होतं. पहिल्या फोटोला भारी वाटतं, दहाव्याला नाटकी. मी पिवळ्यावर थांबतो, फार तर नारिंगी. जूनच्या दुपारी ऊन डोक्यावर असतं, मुखवट्याच्या भुवयांची सावली डोळ्यांवर पडते. हिवाळ्यातल्या छमला सूर्य खाली असतो आणि अंगणात किंवा छतांवर बर्फ असेल तर खालून उजेड उसळून येतो, मुखवट्याच्या हनुवटीखालचं कोरीवकाम दिसतं. सोय बघाल तर जून, प्रकाश बघाल तर जानेवारी-फेब्रुवारी.

आणखी एक. कानाने फोटो काढा. गिरकी झांजेवर येते. रोलमो म्हणजे मोठी झांज, तिचा ठेका आधी लांब-लांब असतो, मग जवळ येत जातो, आणि गिरकी त्याच्या शेवटाला पडते. डोळ्याने पाहून बटण दाबाल तर उशीर झालेला असतो.

बोला आता.

चिंचगुळाची_आमटी

वाचतेय. पण फोटो कुठायत? फोटोंवरच्या धाग्यात एकही फोटो नाही म्हणजे कमाल आहे.

खडूपाटी

मुद्दामच नाहीत. फोटो टाकले की चर्चा "तिसरा आवडला, पाचवा थोडा वाकडा" एवढ्यावर संपते. वेगळा धागा काढतो, तिथे धुवून काढा.

चिंचगुळाची_आमटी

तिसरा आवडेलच, आत्ताच सांगून ठेवते :ड

वाळवंटी_ऊंट

लेख चांगला, पण पटला नाही. रंग हाच मजकूर आहे म्हणता आणि पुढच्याच परिच्छेदात तो मजकूर खोडण्याच्या युक्त्या सांगता. ज्या समाजाचा हा विधी आहे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवलेला रंग तुम्ही "पाय दिसावेत" म्हणून काढणार? उद्या म्हणाल झांजेचा आवाज काढून टाकला की ढोल छान ऐकू येतो.

खडूपाटी

फोटोत झांजेचा आवाज नसतोच की. थंडी नसते, जुनिपरच्या धुराचा वास नसतो, सकाळपासूनचं बसणं नसतं. फोटो म्हणजे गाळूनच घेतलेली गोष्ट. मी एवढंच म्हणतोय की काय गाळलं ते गाळणाऱ्याला माहीत असावं. आठ रूपांची ओळख करून देणारा फोटो असेल तर मी रंगीतच काढतो, त्यात वाद नाही.

वाळवंटी_ऊंट

ठीक. निम्मा सहमत.

सिल्व्हर_हॅलाइड

शेवटी माझ्या विषयावरचा धागा. थोडी भर.

धागाकर्त्याने पॅनक्रोमॅटिक आणि ऑर्थोक्रोमॅटिक हा फरक सांगायला हवा होता. आपण आज वापरतो त्या बहुतेक फिल्म्स, ट्राय-एक्स, एचपी-५, एफपी-४, या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या. ऑर्थो फिल्मला लाल दिसतच नाही. इल्फर्डची ऑर्थो प्लस ८० मिळते. तिच्यावर लाल झगा काळा येतो, भिक्षूंची मरून वस्त्रं काळी येतात, गोऱ्या-तांबूस गालांवरचे वांग, सुरकुत्या सगळं ठळक होतं. लडाखी म्हाताऱ्यांचे चेहरे तिच्यावर जबरदस्त येतात, मुखवटे मात्र बहुतेक वेळा फसतात, कारण मुखवट्यात लाल फार. तिचा वेग ८०, त्यामुळे भर उन्हातच उपयोगी.

फिल्टरचा हिशेब: पिवळ्याला साधारण एक स्टॉप (म्हणजे उजेड निम्मा), नारिंगीला दोन, गडद लालला तीन. ४०० च्या फिल्मवर लाल फिल्टर लावला तर हातात ५० ची फिल्म उरते. उन्हात चालून जातं, सावलीतल्या व्हरांड्यात नाही.

थंडीत फिल्म कडक होते. फेब्रुवारीत पहाटे उणे १५-२० असताना रोल सटासट फिरवलात तर तुटेल, नाही तर कोरड्या हवेत स्थिर विजेच्या ठिणग्यांच्या खुणा उमटतील. सावकाश गुंडाळा. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. आणि बाहेरून शेगडी पेटलेल्या उबदार खोलीत शिरताना कॅमेरा पिशवीत बंद करूनच न्या, पिशवी लगेच उघडू नका, भिंगावर आतून घाम धरतो.

खडूपाटी

उत्तम भर. डिजिटलवाल्यांसाठी याला जोडून: कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवा पण फाइल रॉ मध्ये, म्हणजे कच्च्या स्वरूपात, घ्या. पडद्यावर राखाडी दिसतं, डोळ्याला सवय लागते आणि फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. लाल किनखाप भर उन्हात फार लवकर फुटतो, म्हणजे भडकून तपशील गमावतो; एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दाखवतो आणि लाल वाहिनी केव्हाच कडेला जाऊन आदळलेली असते. मग घरी येऊन लाल उजळायला जाता आणि तिथे विणकामच शिल्लक नसतं. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघत जा.

पिक्सेलमोडे

फक्त कृष्णधवल काढणारे कॅमेरे आहेत त्यांचं काय? लायकाने २०१२ मध्ये आणला, आता पेंटॅक्सचाही आहे.

सिल्व्हर_हॅलाइड

पेंटॅक्सचा के-३ मार्क-३ मोनोक्रोम, २०२३. त्या सेन्सरवर रंगाची जाळीच नसते, म्हणून बारीक तपशील आणि कमी उजेडातलं काम सुंदर. पण मग सरकपट्ट्या विसरा. दोर्जे द्रोलो आणि सेंगे द्रादोग वेगळे हवेत तर भिंगावर काचेचा फिल्टर लावायचा, जागच्या जागी ठरवून. घरी जाऊन पश्चात्तापाची सोय नाही. मला ते आवडतं, पण मी जुन्या वळणाचा माणूस.

अर्धविराम

मला एका वेगळ्या गोष्टीचा त्रास होतो. एकोणिसाव्या शतकात लडाखला गेलेले ब्रिटिश प्रवासी छमला 'डेव्हिल डान्स' म्हणत. रक्षक देवतांना सैतान ठरवून मोकळे. त्या काळचे फोटो अर्थातच कृष्णधवल. आज कुणी हेमिसचा फोटो राखाडी करतो, वर दाणे पेरतो, कडा काळ्या करतो, तेव्हा तो नकळत त्याच पोस्टकार्डांची नक्कल करत असतो. गूढ लामा, गूढ हिमालय. आणि ज्याचा फोटो काढलाय तो मुलगा मुखवटा उतरवून मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत असतो. माझ्या मते तरी कृष्णधवल निरागस नाही, त्यात काळ मागे ढकलायची खोड आहे.

खडूपाटी

हा या धाग्यावरचा सगळ्यात टोकदार प्रतिसाद. बऱ्याच अंशी मान्य. म्हणूनच मी चौकटीत प्लास्टिकच्या खुर्च्या, गॉगल, लाउडस्पीकरच्या वायरी येऊ देतो. त्या असल्या की फोटो आपोआप आजचा होतो, राखाडी असला तरी.

सिल्व्हर_हॅलाइड

@अर्धविराम, एक तांत्रिक पुरवणी, तुमच्याच बाजूची. त्या जुन्या काचांवरचं रसायन मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद द्यायचं. म्हणून लाल वस्त्रं कोळशासारखी काळी आणि निळंशार आकाश कोरं पांढरं. प्रत्यक्षात लडाखचं आकाश किती गडद असतं ते वर आलंच आहे. म्हणजे जुन्या हिमालयी फोटोंतला तो भयाण, उदास भाव बराचसा रसायनाचा आहे, तिथल्या उजेडाचा नाही. पॅनक्रोमॅटिक काचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आल्या आणि चित्र बदललं. लोक आज ज्याला 'जुना आत्मा' म्हणून फिल्टर लावतात ती त्या काळची अडचण होती.

अर्धविराम

हे माहीत नव्हतं. झकास.

मोहाचं_फूल

मी नागपूरची. आमच्या घरी त्रिसरण-पंचशील, बाबासाहेब आणि दीक्षाभूमी. देवदेवता, मुखवटे यांना आमच्या बौद्ध धम्मात जागा नाही. लडाखला पहिल्यांदा गेले तेव्हा आई सोबत होती, ती छम बघून म्हणाली, "हे सगळं बुद्धाला चाललं असतं का गं?" मी गप्प बसले. मग शेजारी बसलेल्या एका वयस्कर भिक्षूंनी हिंदीत समजावलं: शेवटी सातूच्या पिठाचा जो पुतळा कापतात तो बाहेरचा कुणी शत्रू नाही, आपलाच अहंकार आहे. आईला तेवढं पटलं, मुखवटे नाही पटले. तरी शेवटपर्यंत बसली. चहा पण प्यायली, लोण्याचा, मीठ घातलेला.

फोटोंबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. आपण महाराष्ट्रातली माणसं बौद्ध शिल्प बघतो ते बिनरंगाचं. वेरूळची बारा नंबरची लेणी, तीन ताल, तिथे वज्रयानाकडे झुकलेल्या मूर्ती आहेत. कान्हेरीच्या ४१ नंबरच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. सगळं काळ्या-करड्या दगडात. वेरूळला एके काळी गिलावा होता, रंग होते, कैलासात त्यांचे तुकडे अजून दिसतात. रंग गेले आणि आपण त्या करड्यालाच शांत, गंभीर, पवित्र मानायला शिकलो. मला वाटतं मराठी फोटोग्राफर लडाखला जाऊन छम राखाडी करतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत वेरूळ असतं. आणि तिथले लोक मात्र रंग अजून जिवंत ठेवून आहेत.

खडूपाटी

ताई, हे मी मनात कुठेतरी ठेवून बसणार आहे. असा विचार केलाच नव्हता. अजिंठ्याचं काय मग? तिथे रंग आहेत.

मोहाचं_फूल

अजिंठ्यात अंधार आहे :) रंग असूनही आपल्याला ते मंद उजेडातच बघायची सवय. लडाखच्या उन्हातला लाल तिथे कुठला?

दगडूशेठ_नव्हे

+१ मोहाचं_फूल. धाग्याचं सार्थक.

खारदुंगला_खालचा

लेहमध्ये नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे, तेव्हा दोन गोष्टी आतल्या बाजूने.

मोठ्या मुखवट्यांत नाचणाऱ्याला मुखवट्याच्या डोळ्यांतून दिसत नाही. ते डोळे वर, कपाळाशी असतात. तो बघतो तोंडाच्या फटीतून. त्यामुळे मुखवटा तुमच्याकडे टक लावून बघतोय असं वाटतं तेव्हा आतला माणूस तुमच्या बुटांकडे बघत असतो. नजरानजर झाली वगैरे मथळे लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कॅमेरा घेऊन अंगणाच्या कडेला फार पुढे सरकलात तर त्याला तुम्ही दिसणारच नाही, वळताना आपटेल. हे घडताना पाहिलेलं आहे, आणि फोटोग्राफर वर त्यालाच ओरडत होता.

दुसरं, इकडचे मुखवटे बहुतेक लगद्याचे: मातीच्या साच्यावर कापड, कागद, सरस यांचे थर, मग रंग. भूतान-सिक्कीमकडे लाकडाचे जास्त. लगद्याचा मुखवटा हलका, म्हणून मान झटकता येते. लाकडी असेल तर हालचाल संथ. शटरचा वेग ठरवताना हा फरक लागतो.

तिसरं (दोन म्हणालो होतो, असो). इथल्या एका ओळखीच्या लामांना मी कृष्णधवल प्रिंट भेट दिला, चांगला मोठा, चौकटीत घालून. त्यांनी जुले (लडाखी नमस्कार-आभार) म्हणून घेतला, निरखून पाहिला आणि विचारलं, "प्रिंटरची शाई संपली होती का?" आता मी देण्यासाठी रंगीत काढतो आणि स्वतःसाठी कृष्णधवल. घरच्यांना आपला पोरगा ओळखू यायला हवा असतो. मुखवटा असला तरी ते चालीवरून ओळखतात, पण झग्याचा रंग दिसला की खात्री पटते.

चिंचगुळाची_आमटी

शाई संपली होती का =)) =))

वाळवंटी_ऊंट

लामांना माझा साष्टांग नमस्कार. माझाच मुद्दा त्यांनी एका वाक्यात मांडला.

डोंगरकोळी

अवांतर होईल, पण राहवत नाही. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा असतो. मुखवटे तिथेही लगद्याचे नाही तर लाकडाचे, सोंगं ठराविक घराण्यांकडे, मुखवट्याची आधी पूजा. फरक असा की बोहाडा रात्रीचा, पूर्वी टेंभ्यांवर, आता हॅलोजनवर. टेंभ्याच्या पिवळ्या-नारिंगी उजेडात रंग तसेही पुरते कळत नाहीत, म्हणून तिथे कृष्णधवल जास्त प्रामाणिक वाटतं. उन्हातल्या छमला तोच न्याय लावता येईल का, शंका आहे.

खडूपाटी

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. उजेडच रंग खात असेल तर कृष्णधवल हे जे दिसलं त्याच्या जवळ जातं. बोहाड्यावर स्वतंत्र धागा काढा ना. आपल्या घरातल्या मुखवट्यांवर आपण लिहीत नाही आणि लेहची तिकिटं काढतो.

मीनाक्षी_०७

धागा वाचून जायची इच्छा झाली आहे. प्रश्न भाबडे असतील तर माफ करा. हेमिसलाच जावं का? सकाळी किती लवकर जायचं? आणि फोटो काढायला परवानगी लागते का? माझे यजमान अमेरिकन पासपोर्टवर आहेत.

खारदुंगला_खालचा

हेमिसला गर्दी खूप, लेहहून साधारण ४५ किमी, गाड्यांची रांग लागते. लवकर निघा. लेहला विमानाने आलात तर आधी दोन दिवस गप पडून राहा, फोटो-बिटो नंतर. पहिल्यांदा असाल तर फ्यांग किंवा लामायुरू बघा, जुलैच्या आसपासच असतात, तिथे गावकरी जास्त आणि लेन्सा कमी.

अंगणात साधारणपणे फोटोला हरकत नसते. फ्लॅश नको. रक्षक देवतांच्या खोलीत, गोनखांगमध्ये, कॅमेरा बंद. स्पितुकला तिथल्या उग्र मूर्तीचा चेहरा वर्षभर झाकलेला असतो आणि गुस्तोरलाच उघडतात. तो बघायला मिळतो हेच पुष्कळ समजा. माथोच्या नागरांग उत्सवात ज्यांच्या अंगात देवता येते ते दोघे डोळ्यांवर पट्टी बांधून मठाच्या गच्चीच्या कठड्यावरून धावतात. तेव्हा कॅमेरे खाली ठेवा असं सांगितलं तर ठेवा, वाद घालू नका. लोक तिथे वर्षभराचं भविष्य ऐकायला आलेले असतात.

सिल्व्हर_हॅलाइड

लडाख जमत नसेल तर दक्षिणेत जा. कर्नाटकात म्हैसूरजवळ बायलाकुप्पे, १९६१ पासूनची तिबेटी वसाहत. तिथल्या नामद्रोलिंग मठात लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या, आधीच्या दिवसांत छम होतो. फेब्रुवारी-मार्च. उंचीचा त्रास नाही, थंडी नाही, पुण्या-मुंबईहून रात्रीची बस. मात्र परदेशी पासपोर्टवाल्यांना त्या वसाहतीत राहायला आधी परवाना काढावा लागतो. अर्जाला वेळ लागतो, आयत्या वेळी होत नाही.

प्रकाशाचा फरक लक्षात घ्या: तिथलं आकाश पांढुरकं. आकाश चौकटीबाहेर ठेवा आणि खांब, पडदे, गर्दी यांच्यावर फोटो उभा करा.

मीनाक्षी_०७

खूप आभार. आणि लेन्स? माझ्याकडे एक ७०-३०० आहे आणि एक ३५.

खडूपाटी

३५ लावा. ७०-३०० ने तोच मुखवट्याचा क्लोजअप निघेल ज्यावर मी वर एवढं तोंडसुख घेतलं आहे. ३५ ने पाय, अंगण, समोरच्या कट्ट्यावरच्या आज्या, मधला ध्वजस्तंभ, लांब शिंगं फुंकणारे, सगळं एकत्र येतं आणि नाच कशाभोवती फिरतोय ते कळतं. खाली बसून काढा, उभं राहू नका, मागच्यांना दिसत नाही आणि ते बोलत नाहीत म्हणून त्यांना चालतं असा अर्थ होत नाही.

पिक्सेलमोडे

आणि हेमिसचा तो मोठा थांगका, म्हणजे कापडावरचं धार्मिक चित्र? बारा वर्षांतून एकदा उलगडतात तो?

खडूपाटी

तिबेटी पंचांगातल्या माकड वर्षात. मागचा २०१६ ला झाला, पुढचा २०२८. तो मात्र रंगीत काढा, कृपा करून. आणि खोल्यांची सोय आधीच बघून ठेवा, त्या वर्षी लेहमध्ये जागा मिळणं अवघड जाईल.

वाळवंटी_ऊंट

"रंगीत काढा, कृपा करून." याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.